चाकांची जोडी

आमच्या घरात चाकं जोडीनेच बनत. बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, एक चाक मोडलं तरी बाबा दोन्ही नवी करत, एकाच बाभळीच्या लाकडातून. शेतकरी कुरकुरला तर म्हणायचे, "एक जुनं, एक नवं लावू? मंग बंडी सरळ जाईन का?" रिठद गावात आमच्या हातची बंडी तिरपी धावते, असं कोणी म्हटलं नव्हतं. सुतारकीचा हा माज माझ्या अंगात पुरता मुरलेला होता.

ऐंशीच्या दशकातल्या एका चैत्रात जत्रेनिमित्त सायकलची शर्यत ठरली. रिसोडच्या रस्त्याने जायचं आणि परत यायचं, बक्षीस ट्रान्झिस्टर. धाकट्या भावाला तो हवाच होता. आमच्या सायकलवर तो वाऱ्याच्या उलट निघाला की आऱ्यांमधून शिट्टी वाजे. त्याच सुमारास किराण्याच्या पुडीला आलेल्या इंग्रजी मासिकाच्या पानावर मला एक चित्र दिसलं. गोऱ्याची सायकल, आणि तिचं मागचं चाक ताटासारखं बंद. पुढच्या चाकाला मात्र साधे आरे. मला हसू आलं. म्हटलं, साहेबाला अर्धंच काम जमलं.

मग आम्ही चाकं झाकायला काय मिळतं ते शोधत सुटलो. तुपाच्या डब्याचा पत्रा जड झाला. कापडाच्या ठाणातला पुठ्ठा घामानेच लुळा पडला. शेवटी वाशीमच्या बाजारात चहाच्या रिकाम्या पेट्या मिळाल्या. त्यांचं प्लायवुड पातळ, हलकं आणि ताठ. धाकट्याने एकेक फळी बोटावर तोलून निवडली. कापायचं कामही त्यानेच केलं. तासायचा वाकस असो की करवत, घरात त्याच्यासारखा हात कोणाचाच नव्हता. बाबा परक्यांसमोर कौतुक करत नसत, पण त्याने तासलेला आरा गिऱ्हाइकाच्या हातात मुद्दाम देत.

मागचं चाक झाकून त्याने एक फेरी मारली. खूश होता. मग मी पुढचंही झाकायला लावलं. दुसऱ्या फेरीहून तो पायी आला.

"दादा, समोरचं चाक हातातून निसटून राह्यलं. हवा लागली का बाजूले पळते."

"एक बंद अन् एक उघडं? बंडीले असं करते का कोनी?"

बाबांनी मान डोलावली. "जोडी शोभते," ते म्हणाले. झालं, माझी छाती फुगली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, मी स्वतः ती सायकल नाल्याच्या पुलापर्यंत नेली. मोकळ्या वावरातून वाऱ्याचा एकच झोत आला. हँडल माझ्या हातातून हिसकलं आणि मी खडीत पाय टेकून कसाबसा वाचलो. तिथेच बसून पुढचं प्लायवुड सोडायला पाच मिनिटं लागली असती. पण बाबांसमोर चुकलो म्हणायचं जिवावर आलं. घरी येऊन मी म्हणालो, "लोन्यासारखी चालते."

दुसऱ्या दिवशी मी पुलापाशीच उभा होतो. का ते मला माहीत होतं. धाकटा सगळ्यांच्या पुढे होता. झोत आला, पुढचं चाक गर्रकन वळलं आणि त्याचं उजवं कोपर पुलाच्या दगडी कठड्यावर आदळलं. मी धावलो. त्याने आधी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाबा मागून पळत येत होते.

"कुत्रं आडवं आलं ना, दादा," तो म्हणाला.

मी म्हणालो, "हो."

हाड जुळलं, कोपर सरळ झालं नाही. वाकस त्याच्या हातून कायमचा सुटला. तो बंड्यांना डाव्या हाताने रंग देऊ लागला आणि त्याची तासकामाची बैठक मला मिळाली. मी तासलेला आरा बाबांनी कोणाच्या हातात दिला नाही.

मुंगीसुद्धा ओलांडून जाणारे बाबा दिसेल त्या कुत्र्याला दगड मारू लागले. ते मारत तेव्हा शेजारी नुसतं उभं राहणं मला जमेना. मीही मारले. लोक विचारत, कसं होतं कुत्रं? मी सांगायचो, पिवळं, एका कानाचं. इतक्यांदा सांगितलं की ते मला दिसू लागलं. पुलावरून जाताना ते कठड्याशी बसलेलं असे आणि माझ्याकडे बघत असे. नव्हतंच ते, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. मला त्याची भीती वाटायची. अजून वाटते.

बाबा जेवून पडले की धाकटा रोज भाकरी घेऊन घरामागे जाई. गावभरची मार खाल्लेली कुत्री तिथे जमत. एका दुपारी मी त्याच्या मागे गेलो. त्याला राग आला नाही. त्याने भाकरी माझ्या हातात ठेवली.

"आज तू टाक."

मी हात वर केला. सगळी कुत्री शेपट्या पोटाशी घेऊन कुंपणापलीकडे पळाली. धाकट्याने आखडलेल्या हाताने माझ्याकडची भाकरी काढून घेतली, खाली बसला, आणि ती एकेक करून परत आली.