मराठीत बोला, अण्णा

दाराला नवं पॉलिश केलं की त्या वासानं मला विधानसौधाची चकचकीत लाकडी प्रेक्षक गॅलरी आठवते. सीमाभागातून निवडून आलेले माझे बाबा मोडक्या कन्नडमध्ये मराठी शाळांसाठी शिक्षक मागत होते. एक शब्द चुकला आणि सभागृह हसलं. बाबा थांबले.

तेवढ्यात त्यांचे कट्टर विरोधक, म्हैसूरकडचे एक वृद्ध सदस्य उठले. "अण्णा, तुम्ही मराठीत बोला. समजलं नाही तर आम्ही विचारू."

बाबा मनापासून बोलले. मग त्याच गृहस्थांनी त्यांचा एकेक मुद्दा खोडून काढला. मागणी फेटाळली गेली.

"मग त्यांनी तुम्हाला बोलू तरी का दिलं?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"त्यांना माझ्या म्हणण्याला उत्तर द्यायचं होतं ना, माझ्या कन्नडला नाही," बाबा म्हणाले.

तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, त्या सभागृहात बाबांना याहून मोठा मान मिळाला नसता.