पिकअपची खांदेमळणी

बैलं गेली तरी पोळा सोडायचा न्हाय, असं म्या घरात सांगून ठेवलंय. आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे आन् पोळ्याला त्यांच्या मानंवर जू ठेवायचं न्हाय. आता दावणीला जुनी पिकअप उभी असते. मग खांदे तिचे.

त्या साली ती पुढून पार बसली हुती. माल भरला की टायर मडगार्डाला घासायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी म्या पुढच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींत, म्हंजी स्प्रिंगांत, एकेक जादा पोलादी पाटा घालून घेतला. मिस्त्री म्हणला, "काका, पहिल्या खेपेला पाटे दबतात, नट ढिले पडतात. दुसऱ्या खेपेआधी आवळा. इसरू नका."

"चाळीस वर्षं बैलं जुपलीत. मला शिकवतो व्हय?"

येताना खताची पोती भरूनच आलो. सांजेला पाट्यांना, नटांना हळद-तूप चोळलं. पोरगा पाना घेऊन आला. म्या म्हणलं, "मळणी झाली. आता पोळा सरंस्तोवर हत्यार लावायचं न्हाय." तो पाना घेऊन माघारी गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पोरगा उडीद भरून ईट गावच्या बाजाराला निघाला. संगं सून, तिच्या मांडीवर सहा महिन्यांची नात. म्या चहाची बशी तोंडाला लावली आन् मिस्त्री आठवला. नट आवळलेच न्हायत. वाटंत मोठा उतार, खाली वळण. पाटा सरकला तर चाक कुठं जाईल?

फोन लागंना. शेजाऱ्याला म्हणलं, "फटफटी काढ."

"काका, तुमचा बैल सुटला का काय?"

"गप हाक."

आपली चूक त्याला सांगायला जीभ वळंना. सारी वाट रस्त्याकडंच्या चारीत बघत गेलो. लांबून आपल्या पिकअपसारखं पांढरं दिसलं. रिकामी गोणी निघाली.

उताराच्या तोंडाला पिकअप उभी. पोरगी रडली म्हणून थांबवलेली; सून आत तिला थोपटत बसलेली. म्या धोतर सावरून खाली शिरलो. पाट्यांवर हळद तशीच पिवळी हुती. नटांवरची तेवढी खरवडलेली.

"कवा आवळलं?"

"काल. तुमी जेवून पडल्यावर," पोरगा म्हणला.

"पोळ्याच्या दिवशी?"

"व्हय. आबा, शिव्या घरी द्या. पोरगी आत्ताच झोपलीय."

तरी जरा खालीच पडून राहिलो. एकेक नट चाचपला. हलला न्हाय. बाहेर आल्यावर सुनेनं इचारलं, "काय बघत हुता, आबा?"

"हळद टिकली का, ते," म्या म्हणलं.