अंबाबाई खाली आली

डावा डोळा आधीच अधू, त्यात उजव्याचाही पडदा सुटला. तेव्हा मी देवघरासमोर उभी राहून अंबाबाईशी चक्क भांडले. एवढी वर्षं तुझं सगळं केलं ते यासाठी का गं बाई? ऑपरेशन झालं. डोळ्यात वायू भरला होता. पडदा नीट चिकटावा म्हणून काही दिवस तोंड खाली करूनच राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. नजर किती परत येईल, ते मात्र आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले.

खाटेच्या कडेला कपाळ टेकून मी पालथी पडले. मान आखडली, पण त्याहून सलत होतं ते वेगळंच. देवघर भिंतीवर उंच आणि मला वर बघायची बंदी. आंधळी व्हायच्या आधी तिचं तोंडही दिसू नये, म्हणजे कमालच झाली!

शेजारच्या जयक्का पेज घेऊन यायच्या. माझी कुरकुर ऐकून त्या सरळ देवघराकडे वळल्या. भांडी वाजली, तशी मी ओरडले, "अहो, मूर्ती जमिनीवर ठेवू नका हं!"

"स्वल्प गप्प पडा, अक्का," त्या कानडी हेलात म्हणाल्या. ताम्हनात तांदूळ पसरून त्यांनी अंबाबाईला बसवलं आणि पाटावरचं ते ताम्हन माझ्या तोंडाखाली सरकवलं. "तुम्हाला वर बघता येत नाही ना? मग ती येते की खाली."

दिसला फक्त एक पिवळा डाग. पण वाकून बघायची ती रीत ओळखीची निघाली. माझे वडील, अण्णा, चामराजपेटेत शिंपीकाम करायचे. मंगळवारी मशीनला हात लावण्याआधी ते हीच मूर्ती ताम्हनात घेऊन न्हाऊ घालायचे. दुधाची धार धरायचं काम माझं. अस्तराच्या मऊ तुकड्यानं तिचं तोंड टिपताना म्हणायचे, "हळू गं पोरी, तिच्या डोळ्यात जाईल." त्यांच्या सुईनं टोचलेल्या बोटांना दुधाचा आणि मशीनच्या तेलाचा वास यायचा. किती वर्षांनी आठवला तो! मला भरूनच आलं.

मग ते दिवस मी तिच्याशी अण्णांबद्दलच बोलत राहिले. आमचं दुकान, दारातला मोगरा, सणाला उरलेल्या कापडाचा माझा परकर. एका सकाळी बोलता बोलता पिवळ्या डागात नथ चमकली. आणखी काही दिवसांनी तिचे डोळे दिसले.

पडदा बसलाय, डॉक्टर म्हणाले. सरळ रेघ अजून मला जराशी वाकडी दिसते, सुईत दोरा जयक्काच ओवून देतात. असू दे. जयक्कांना ती बुद्धी कुणी दिली, याचा काथ्याकूट मी करत नाही. दोघींपुढे हात जोडते. अंबाबाई आता खाली पाटावरच असते. परवा तिचं तोंड टिपताना एकदम लक्षात आलं, त्या सगळ्या दिवसांत डोळा मागायचा माझ्याकडून राहूनच गेला होता.