दोन डाव्या बाजूंचा कोट

माझ्या धाकट्या बहिणीला घाई हा जन्मजात रोग आहे. नववा महिना पुरा व्हायच्या आतच ती जगात आली, तेव्हापासून जी पळत सुटलीय ती सुटलीच आहे. नाटकांचे कपडे शिवायच्या एका कारखान्यात ती कापड बेतायला होती. तिची कात्री चालू लागली की बाकीच्या बायका हातातलं काम सोडून बघत बसायच्या, असं तीच सांगते. खोटं नसावं. कारण तिथल्या मुख्य बाई, म्हणजे नाटकांची सगळी वेशभूषा बघणाऱ्या, कौतुकाच्या बाबतीत पक्क्या कंजूस, आणि त्यासुद्धा तिला ‘वादळ’ म्हणायच्या.

मग वादळाला मुलगी झाली आणि तिच्या पाठीवर मुलगा झाला. मुलगी चार वर्षांची. तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो, कारण घरात हुकूम तिचाच चालतो. मुलगा दीड वर्षाचा ढब्बू. त्याला झोप सोडून सगळं आवडतं. धाकटीचा नवरा बस चालवतो, पहाटे जातो तो दिवे लागल्यावर उगवतो. तेव्हा हिनं नोकरी सोडली आणि घरात मशीन मांडलं. “उलट बरंच आहे ताई,” ती मला म्हणाली. “मुलं खेळतील, मी शिवीन.” मी दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देते. दहाला बोलवायचं आणि अकराला आत सोडायचं, यात माझी हयात गेली. मला तेव्हाच हसू आलं होतं, पण म्हटलं, कशाला कुणाच्या दुधात मिठाचा खडा टाका.

घर दोन खोल्यांचं. खिडकीपाशी मशीन, मधोमध जेवायचं टेबल. त्यावर एक जुनं दार आडवं टाकलं की ते कापायचं टेबल होतं. कात्र्या आणि टाचण्या इतक्या उंच फळीवर ठेवलेल्या, की काढायला तिलाच स्टुलावर चढावं लागतं. चढली की ढब्बू स्टूल हलवतो. बाईसाहेबांना नेमकी तेव्हाच तहान लागते. दुपारी मी कामावरून सुटून तिच्याकडे डोकावले की ही रडकुंडीला आलेली असायची. सकाळपासून एक बाही लागली नाही, मी आळशी झालेय, माझा हात गेला, हेच पालुपद. आणि प्रत्येक वाक्याला शेपूट ठरलेलं, ‘कारखान्यात तर मी...’ अगं, कारखान्यात तुझ्या पायाला कुणी चिकटलेलं नव्हतं. पण ऐकते कोण. तिची शर्यत दुसऱ्या कुणाशी नव्हतीच. ती चार वर्षांपूर्वीच्या स्वतःशी होती, आणि त्या बाईला ढब्बू नव्हता.

अशात कारखान्यातल्या मुख्य बाईंचा फोन आला. नवं नाटक होतं, जाड लोकरीचे सहा लांब कोट हवे होते, प्रत्येक वेगळ्या रंगाचा. घरून जमेल का, असं त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, “न जमायला काय झालं?” तारीखही तिनं कारखान्यातल्या हिशेबानं देऊन टाकली. हे कोट चांगले झाले तर पुढच्या सगळ्या नाटकांचं काम घरी येणार होतं. बिघडले तर बाईंच्या दारात परत उभं राहायची सोय नव्हती, आणि बेतण्याशिवाय दुसरं काही करायची तिची इच्छाही नव्हती. मला फोनवर सांगताना तिचा आवाज इतका आनंदी होता, की मी तारखेबद्दल तोंड उघडलं नाही.

आता कोट कसा बेततात ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कापड दुहेरी घडी करून, वर कागदाचा नमुना ठेवून कापलं की कोटाच्या पुढच्या दोन्ही बाजू एकदम निघतात, एक डावी, एक उजवी. पण हे कापड जाड, शिवाय मोजकं. त्यामुळे एकेक बाजू सुटी कापायची होती. सुटी कापताना दुसऱ्या वेळी कागद उलटा करून ठेवावा लागतो, नाहीतर दोन्ही बाजू एकाच हाताच्या निघतात. कापडाला सुलट आणि उलट बाजू असते, त्यामुळे नंतर ते पालथं घालूनही भागत नाही. हे तिनं शेकडो वेळा केलेलं काम आहे.

पहिल्या कोटाची डावी बाजू कापून झाली. ढब्बू चक्क झोपला होता. ती दुसऱ्या बाजूसाठी कागद उचलणार, तोच आतून हाक आली, “आई, शी झाली.” ही धावली, धुतलं, पुसलं, चड्डी चढवली, हात धुतले आणि पळत परत आली. ढब्बू उठायच्या आत कापून टाकावं म्हणून कागद होता तसाच कापडावर ठेवला आणि कात्री चालवली. दोन्ही तुकडे शेजारी ठेवल्यावर तिला दिसलं, की कोटाला दोन डाव्या बाजू आहेत. त्या रंगाचं जास्तीचं कापड नव्हतं.

मग तिचा तोल गेला. ती बाईसाहेबांवर ओरडली, “तुला नेमकी आत्ताच शी व्हायची होती?” तेवढंच म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली, त्यानं ढब्बूसुद्धा दचकून उठला. बाईसाहेब टेबलाखाली गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “परत नाही करणार.”

मुलांचं बोलणं आपण हसण्यावारी नेतो. धाकटीनंही नेलं. तिच्या डोक्यात फक्त कोट होता. तिनं मला विचारलं, “कापड कारखान्यातूनच कमी आलं असं सांगू का?” मी म्हटलं, “बेलाशक सांग.” खोट्या वेळा देऊन देऊन माझी जीभ सरावलेली आहे. ती रोज फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची.

तिसऱ्या दिवशी मी गेले, तर बाईसाहेब भिंतीला टेकून, पोट धरून बसलेल्या. चेहरा पांढराफटक. मी मांडीवर घेऊन विचारलं, “बाळा, पोटात दुखतंय का? शीला जायचं का?” तिनं मान हलवली. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “मावशी, आईचं कापून झालं की जाईन.”

त्या दिवसापासून पोरीनं धरून ठेवलं होतं. मी धाकटीला बोलावलं आणि सांगितलं. ती जमिनीवर बसली, लेकीला जवळ ओढलं आणि हमसून हमसून रडली. नंतर कोमट पाणी, पोट चोळणं, सगळं झालं. धाकटी संडासाच्या दारात तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसून राहिली, काहीही घाई नसल्यासारखी. तिला तसं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पोरीचं आटोपल्यावर तिनं बाईंना फोन केला आणि सरळ सांगितलं, “बाई, माझ्या हातून दोन डाव्या बाजू कापल्या गेल्या.” कापड कमी आल्याचं नाव काढलं नाही.

बाई संध्याकाळी स्वतः आल्या. उंच, करड्या केसांच्या, चपला काढतानाही घड्याळ बघणाऱ्या. तुकडे हातात घेऊन त्यांनी खिडकीपाशी नीट पाहिले. “कापलंयस मात्र सुरेख,” त्या म्हणाल्या. “दोन्ही डावे.” मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ढब्बू त्यांच्या पर्सचा पट्टा चघळत होता.

“खरं सांग,” त्या म्हणाल्या. “पहिल्या प्रयोगापर्यंत तुझ्याकडून किती कोट होतील?”

“चार,” धाकटी म्हणाली. माझ्या मनातही चारच आलं होतं. मग तिनं पर्सचा पट्टा सोडवला, ढब्बूला कडेवर घेतलं आणि थोडा वेळ त्याच्या पाठीवर थोपटत उभी राहिली. “नाही बाई,” ती म्हणाली. “दोन.”

बाईंनी एका शब्दानं समजूत घातली नाही. चार कोटांचं कापड गुंडाळलं, काखोटीला मारलं आणि म्हणाल्या, “उरलेले दुसरीकडे देते. या डाव्याच्या जोडीला मी कापड बघते.” त्या गेल्यावर मी त्यांचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. म्हटलं, एवढी वर्षं राबली पोरगी, माणुसकी म्हणून काही आहे की नाही. धाकटी म्हणाली, “ताई, सहा मीच घेतले होते. त्यांनी फक्त विचारलं होतं.” मला तिचाही राग आला. एवढं शहाण्यासारखं बोलायला तिला कुणी सांगितलं होतं?

त्यानंतर तिनं कामाची घडीच बदलली. कात्री हातात घ्यायची ती फक्त मी घरात असताना, मुलं माझ्या ताब्यात असताना. कारण कापणं मध्येच सोडता येत नाही. बाकीचा दिवस हातशिलाईचा. कच्चे टाके, काज, अस्तर. यातलं काहीही हाक आली की तसंच ठेवून उठता येतं, आणि सुई जिथे थांबली तिथूनच पुढे जाते. सुरुवातीला ती दर अर्ध्या तासानं सुस्कारे टाकायची. एका दिवसात एकाच कोटाची कॉलर झाली, तर तोंड एवढंसं करून बसायची. पुढे पुढे मात्र मी विचारलं, की म्हणायची, “कॉलर झाली.” बस, तेवढंच. दोन्ही कोट तारखेच्या आदल्या दिवशी गेले. बाईंकडून चकार शब्द आला नाही, आणि मी मनात म्हटलं, संपलं, गेलं हिचं काम.

बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी फोन वाजला. तिचे हात खडूचे, म्हणून तिनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बाई होत्या. नवीन नाटक होतं. “किती घेशील?” त्यांनी विचारलं. मी समोरून पाचही बोटं पसरून नाचवायला लागले. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्या घराकडे.

“तीन,” ती म्हणाली.

“पाच घे की. हात तर तोच आहे तुझा.”

“हात तोच आहे बाई. पण तीनच.”

मी बोटं आणखी जोरात नाचवली. “बरं, तीन पाठवते,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तिच्यावर घसरलेच. “वेडी का खुळी तू? पाच म्हणाली असतीस तर मी रोज दोन तास जास्त आले असते. कशाला आहे मी?”

“आली असतीस, माहितीये,” ती खडूनं रेघ ओढत म्हणाली. “आठवडाभर आली असतीस, मग तुझ्या कमरेनं संप केला असता, मग मी तुझ्यावर ओरडले असते. नाहीतर या दोघांवर. ताई, मला आता कुणावर ओरडायचं नाहीये.”

ती कात्री घ्यायला स्टुलावर चढत होती, म्हणून मी दोन्ही पोरांना घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.