रक्त दिसलं का शिट्टी

कबड्डी शिकवनाऱ्या आमच्या प्रमिलाताई साठ वर्षाच्या झाल्या, मनून त्यायच्यावर हे पुस्तक निघून राहिलं. मोठमोठ्या लोकायनं लिहिलं असन. मी सातवी शिकली. पन माही पोरगी समीक्षा मने, "आई, तू नाई लिहिशीन तं कोन लिहीन?"

ताईची अन् माही पयली भेट भांडनातच झाली. समीक्षा अमरावतीत त्यायच्या मैदानावर कबड्डी शिकाले जाते. एक दिवस टी-शर्टवर रक्त घेऊन आली.

"कुठं लागलं वं?"

"माहं नाई, दुसऱ्या पोट्टीच्या नाकातलं आहे. माह्या खरचटल्या गुडघ्यावरही पडलं."

शेजारीन मने, रक्तातून एड्स येते, कावीळ येते. पोरीले घेऊन तशीच मैदानावर गेली अन् ताईवर वरडली, "कोनाचं रक्त होतं? नाव सांगा!"

ताई हळूच मने, "नाव नाई सांगत. उद्या कोनी तुह्या पोरीचं इचारलं, तं तेही नाई सांगनार. गुडघा म्या साबनानं धुतला. चाल, डॉक्टरले दाखवू. भेव घेऊन घरी नोको बसू."

स्कुटीवर दोघीले घेऊन गेल्या. डॉक्टर मने, खेळात असा रोग लागाची भीती लय कमी. तरी कावीळची सुई देली, रक्त तपासलं, काही दिवसानं पुन्हा तपासू मने.

थ्या दिवसायत सासूनं समीक्षाचा पेला वेगळा काढला. मीही थो तसाच राहू देला, मलेच भेव होतं. ताई घरी आल्या, पानी मांगतलं. मी दुसरा पेला उचलला तं मने, "थो नोको. समीक्षाच्या पेल्यात दे." अन् गटागटा पानी पेल्या. त्या दिवसापासून पेला पुन्हा सगळ्यायच्या पेल्यात गेला. पुढं रिपोर्टही साफ आला.

आमच्याकडं लागलं का माती लावून खेळत. ताईजवळ तसं नाई चालत. रक्त दिसलं का शिट्टी, खेळ बंद. साबन, हातमोजे, पट्टी अन् जादाचा टी-शर्ट त्यायच्या थैलीत असतेच. पोट्टी कोनाचीही असो.

मांगं अकोल्याले फायनल होती. आमी एका पॉइंटनं पुढं. समीक्षाचा व्हट फुटला. पंचाले दिसलं नाई, ताईले दिसलं. त्यायनं खेळ थांबवून तिले बाहेर घेतलं.

मांगून एक जन वरडला, "अवो मॅडम, थेंबभर तं आहे! हारता काय?"

"हारतो. बसा तुमी खाली."

हारलोच. समीक्षा लय रडली. तितक्यात तिकडच्या टीमची एक आई घाबरून ताईजवळ आली. "त्या पोट्टीले काई रोग-बिग तं नाई ना? नाव काय तिचं?"

मी मांगंच उभी होती.

ताई मने, "नाव नाई सांगत, बाई. तुही पोरगी दाखव, कुठं रक्त लागलं का पायतो." अन् हातमोजे घालून खाली बसल्या.

मले भेव अजूनही वाटते. पन शिट्टी ताईच्या गळ्यात दिसली का मी मॅच संपेलोक बसून पायते. ताई, तुमचे गुडघे धड राहो, नजर अशीच राहो, अन् शिट्टी फुंकाले छातीत दम लय वर्ष राहो. आमच्या लेकरायले तुमी पायजे.