कूलर अंड्यांचा

साऱ्या जगात अंडी उबवायला ऊब द्यावी लागते. आमच्या नागपुरात मे महिन्यात ती काढून घ्यावी लागते. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी कोंबडीच्या गर्भात मेंदूच्या पेशी कशा घडतात ते मला बघायचं होतं, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची उबवणपेटी बिघडली. मग लाकडी पेटी, बल्ब आणि थर्मामीटर जमवून मी घरीच माडीवर संसार थाटला. पण दुपारी खोलीच कोंबडीपेक्षा जास्त तापायची. पहिली सगळी अंडी वाया गेली. सरांनी स्पष्ट सांगितलं, या खेपेला स्लाइड्स झाल्या नाहीत तर परीक्षा पुढच्या वर्षी.

घरात कूलर एकच, आणि तो बाबांचा. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातून भर दुपारी ते जेवायला येत आणि वाळ्याच्या गारव्यात मनसोक्त घोरत. त्यांच्यापुढे अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. केकसुद्धा ते बेकरीवाल्याला शपथ घालून आणत. आईनं 'पोरीच्या अभ्यासाचं सामान' म्हणून अंडी गुपचूप माडीवर चढू दिली होती.

एकदा बाबा अचानक वर आले.

"हे काय करून राहिली वं?"

मी घाबरून सगळं सांगून टाकलं. मेंदू आधी एक साधी नळी असतो. तिच्या भिंतीतल्या पेशी सुरुवातीला एकसारख्या दिसतात. मग कुणी निरोप पोचवणारी चेतापेशी होते, कुणी तिला सांभाळणारी आधारपेशी. बहुतेक चेतापेशी आधी जन्मतात, आधारपेशी मागाहून.

"पण तू हे हो, तू ते हो, असं त्यायले सांगते कोन?"

"बरंचसं शेजारच्या पेशी."

"मंग आपल्या शेजाऱ्यायनं तुले काहून नाही बिघडवलं?" असं म्हणून ते हसत खाली गेले. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर कूलर माझ्या खिडकीत! खाली बाबा पोटावर ओला पंचा टाकून विंझणा हलवत पडलेले. "मले काही गर्मी होत नाही," ते म्हणाले. होळी पेटायच्या आधीपासून उकाड्यानं घर डोक्यावर घेणारा हा माणूस!

मग तर ते माझ्याहून मोठे शास्त्रज्ञ झाले. जेवण झालं की वर येऊन थर्मामीटर बघत, बल्ब मालवत, अंडी हळूच फिरवत, आणि हात तीनदा धूत. आई म्हणायची, "माह्या बाळंतपणात इतके नव्हते फिरकले." ही अंडी तगली. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या दुपारी त्यांनी विचारलं, "पिल्लं कधी निघतीन?"

ते इतके दिवस पिल्लांची वाट बघत होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पिल्लं नाही निघणार, बाबा. उद्या अंडी फोडायची. गर्भ औषधात ठेवून मेंदूचे काप करायचे."

ते पेटीकडे बघत बसले. आता कूलर खाली जाणार आणि माझं वर्षही, असं मला वाटलं. पण त्यांनी बादली उचलली, खालून पाणी आणलं, कूलरची टाकी काठोकाठ भरली आणि बटण दाबलं.

"उद्यापर्यंत तरी थंडक राहू दे त्यायले," एवढंच म्हणाले, आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून तसेच उन्हात दुकानाकडे निघाले.