मला सकाळचीच वेळ हवी होती

दिवाळीच्या फराळाला मैत्रिणीकडे गेले होते. चकलीचा तुकडा उजवीकडे घेतला आणि खालची दाढ सरळ हलली. कळ कानापर्यंत गेली. तुकडा तसाच गालात धरून मी समोरच्यांशी हसून बोलत राहिले. हिरड्यांचं काहीतरी बिघडलंय हे मला वर्षभर माहीत होतं. ब्रश केल्यावर बेसिन गुलाबी व्हायचं, मी नळ सोडून द्यायचे.

माझ्या आजाराची पहिली बातमीही तोंडातूनच आली होती. नागपूरहून लग्न करून अमेरिकेत कॅरीला आले, त्याच्या सहाव्या वर्षी जिभेवर पांढरा थर धरायला लागला, फाटलेल्या दुधासारखा. आई फोनवर म्हणाली, "तोंड आलं असेल गं, उष्णता झाली. तूप लाव, गुलकंद खा." दोन महिने तूप लावलं. साधा वरणभातही झोंबायला लागला. शेवटी इथल्या डॉक्टरीणबाईंनी तो थर खरवडून पाहिला, ही बुरशी आहे म्हणाल्या, आणि जरा थांबून म्हणाल्या, रक्ताची एक चाचणी करून घेऊ.

एचआयव्ही निघाला. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिची चाचणी निगेटिव्ह आली, तो कागद मी अजून जपून ठेवलाय. नवऱ्यालाही होता, माझ्या आधीपासून, आणि त्याला ते माहीत होतं. त्याने मिशिगनमध्ये ट्रॉयला दुसरी नोकरी धरली आणि तो निघून गेला. घटस्फोटाचे कागद पोस्टाने आले. मी इथेच राहिले, एका औषध कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करत, मुलीला वाढवत.

औषध म्हणजे रोजची एक गोळी. काही महिन्यांत रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि आजतागायत सापडलेला नाही. माझ्याकडून आता कोणाला काही होण्याची भीती उरलेली नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला कितीदा सांगितलंय. तोंड मात्र कोरडं पडायचं. मीटिंगमध्ये बोलता बोलता जीभ टाळूला चिकटायची.

दाताच्या दवाखान्यात गेले की मी फॉर्मवरचा एचआयव्हीचा तो एक चौकोन रिकामा सोडायचे. आमच्याकडचे बहुतेक मराठी लोक जातात तोच दवाखाना. डॉक्टर पुण्याचा, माझ्याहून लहान, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करणारा. घटस्फोटानंतरही मला वहिनीच म्हणायचा. दरवेळी खोटं लिहायचा कंटाळा आला आणि मी तिथे जाणंच सोडलं. तीन वर्षं गेले नाही.

दाढ हलल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच सुनावलं. "तोंड कोरडं राहिलं की दात लवकर किडतात, हिरड्या सुजतात. तुम्ही कोणती गोळी घेता हे दाताच्या डॉक्टरला कळायलाच हवं. या वेळी खरं लिहा."

मी त्याच दवाखान्यात परत गेले आणि खरं लिहिलं. चौकोनात खूण केली, खाली गोळीचं नाव लिहिलं. खुर्चीत जाऊन बसले. असिस्टंट मुलगी फॉर्म वाचत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग डॉक्टर आला. मास्क हनुवटीखाली, हातात ग्लोव्हज नाहीत. दार लोटून घेतलं.

"वहिनी, आज नको करूया. शुक्रवारी साडेचारची, दिवसातली शेवटची अपॉइंटमेंट देतो. म्हणजे कसं, नंतर रूम नीट क्लीन करता येते."

"इतर पेशंटनंतर नीट क्लीन करत नाही का?"

त्याने लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तसं नाही हो. स्टाफला टेन्शन येतं. आणि आपल्या लोकांत विनाकारण चर्चा नको, तुमच्यासाठीच म्हणतोय."

"आत्ता साडेदहा वाजलेत. माझी वेळ साडेदहाची आहे. तुम्ही मला बघणार नसाल तर का बघणार नाही ते लिहून द्या."

"लिहून कशाला, वहिनी? घरातल्यासारखे आहोत आपण."

"घरातल्यांना तुम्ही साडेचारला बोलावता?"

त्याने लिहून दिलं नाही. मी गळ्यातला कागदी रुमाल काढून ट्रेवर ठेवला. पर्स उचलली आणि दार उघडून निघाले.

बाहेर मंडळातल्या एक काकू बसल्या होत्या. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचते. "काय गं, इतक्यात झालं?" त्यांनी विचारलं. तेरा वर्षं अशा प्रश्नांना माझ्याकडे तयार उत्तरं असायची. त्या दिवशी एकही द्यावंसं वाटलं नाही.

"नाही काकू. मला एचआयव्ही आहे. म्हणून डॉक्टर मला सकाळी बघत नाहीत, सगळ्यांच्या शेवटी या म्हणतात."

काउंटरवरच्या मुलीचं टायपिंग थांबलं. काकूंनी मांडीवरचं मासिक मिटलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग दाढेचं काय?"

मला हसू आलं आणि रडूही आलं.

मुलगी पार्किंगमध्ये गाडीत बसली होती. तिला सगळं आधीपासून माहीत आहे. ऐकून ती म्हणाली, "आई, दॅट्स इल्लीगल." मग तिने फोनवर शोधून दाखवलं. इथल्या कायद्यात हे खरंच बसत नाही. त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी डायनिंग टेबलावर बसून सरकारी तक्रारीचा फॉर्म भरला. "काय घडले ते लिहा" या रकान्यात मी डॉक्टरची वाक्यं होती तशी घातली, मराठीतली इंग्रजीत करून.

दाढ वाचली नाही. विद्यापीठाच्या दंतवैद्यक कॉलेजात ती काढली. तिथल्या बाईंनी फॉर्म वाचला, गोळीचं नाव वहीत टिपलं आणि विचारलं, "पाणी दिवसभर घोट घोट पिता का?" बाकी काही नाही. हिरड्या खोलवर साफ केल्या, जास्त फ्लोराइडची पेस्ट दिली, बिनसाखरेचं च्युइंगगम चघळायला सांगितलं.

मंडळात व्हायचं ते झालं. पुढच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मला पदार्थाऐवजी पेपर प्लेट्स आणायला सांगितलं. मी प्लेट्स नेल्या आणि कोथिंबीर भरलेल्या नागपुरी सांबारवड्याही दोन ट्रे नेल्या. काकूंनी सगळ्यांसमोर चार घेतल्या. काहींनी हात लावला नाही. एक ट्रे जवळजवळ पूर्ण उरला, तो आम्ही मायलेकींनी तीन दिवस कढीसोबत खाल्ला.

तक्रारीला सात-आठ महिने लागले. फोन आले, कागद मागितले, मी पाठवले. शेवटी दवाखान्याने लिहून दिलं, की कोणत्याही पेशंटला आजारामुळे वेगळी वेळ देणार नाही, आणि सगळ्या स्टाफला प्रशिक्षण देईल. डॉक्टरने मला स्वतः फोन केला. "सॉरी, चुकलं माझं. पण तुम्ही आधी माझ्याशी बोलायला हवं होतं."

"बोलले होते," मी म्हटलं. "तुम्ही दार लोटून घेतलं होतं."

मैत्रीण म्हणाली, आता कशाला जातेस तिथे, दुसरे डेंटिस्ट नाहीत का? आहेत. पण तो दवाखाना माझ्या घरापासून सहा मिनिटांवर आहे, आणि तिथून मला घालवलं होतं. मी फोन करून शनिवारची सकाळी अकराची वेळ घेतली. वेटिंग रूम भरलेली होती. डॉक्टरने नेहमीसारखा एकच ग्लोव्हजचा जोड घातला, एकावर एक दोन नाहीत, आरसा तोंडात घातला आणि एकेक दात मोजत गेला. या वेळी मला वहिनी म्हणाला नाही, नावाने हाक मारली.

हिरड्यांमुळे मला दर चार महिन्यांनी जावं लागतं. वेळ मी ठरवते.